कादंबरीचं पहिलं वाक्य: हातातलं पुस्तक उघडा आणि लिहा

वडगावची_वाचक

मंडळी, हातात जी कादंबरी असेल तिचं पहिलं वाक्य इथं लिहायचं. त्या वाक्यानं तुम्हाला आत ओढलं की दारातच थांबवलं, तेही सांगायचं. मराठीच हवं असं नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात कन्नड पुस्तकं आहेत, इंग्रजी आहेत, अनुवाद तर आहेतच. फक्त पुस्तक बघून लिहा. आठवणीतनं लिहिलंत तर तसं सांगा आणि अवतरणचिन्हं घालू नका.

सुरुवात मी करते.

'मी, पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.'

भालचंद्र नेमाडे, कोसला, १९६३. नाव आणि वय. कुठल्याही अर्जाच्या पहिल्या दोन रकान्यांत मावेल एवढीच माहिती. पण सांगायची ढब अशी की ह्या माणसाला स्वतःबद्दलच्या माहितीत फारसा रस उरलेला नाही हे लगेच कळतं, आणि तरीही तो आपल्याशी बोलायला बसलाय. कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचली तेव्हा गोष्ट कधी सुरू होते याची मी वाटच बघितली नाही. बोलणारा भेटला होता, तेवढं पुरलं.

माझं म्हणणं असं आहे. पहिल्या वाक्यानं गोष्ट सुरू करून दिलीच पाहिजे असं काही नाही. त्यानं वाचणाऱ्याची जागा ठरवली पाहिजे. आपण समोर बसून ऐकतोय, खिडकीतनं बघतोय, की पात्राच्या मागोमाग चालतोय, हे तिथंच ठरतं आणि पुढची सगळी पानं आपण त्या जागेवरूनच वाचतो. पटत नसेल तर उदाहरणं घेऊन या.

आणि हा विषय काढायचा आपल्या गावाला हक्कच आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात त्या यमुनापर्यटनाचे (१८५७) लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा, १८३१ सालचा.

नंदगडकर

+१. झकास धागा काढलात ताई. मी दोन आणतो. दोन्ही आठवणीतनं, म्हणून अवतरण नाही.

वि. स. खांडेकरांची ययाति, १९५९. ययाति सुरुवातीलाच स्वतःला विचारतो की ही कहाणी मी का सांगतोय, माझं मलाच नीट कळत नाही. राजा आहे म्हणून सांगतोय म्हणावं, तर ते राजेपणही आता मागं पडलेलं.

शिवाजी सावंतांची मृत्युंजय, १९६७. कर्ण बोलायला लागतो आणि आपल्या मनात येणारी शंका स्वतःच काढतो: मेलेली माणसं कुठं बोलतात काय? मग म्हणतो, अशीही वेळ येते की मेलेल्यांनाही बोलावं लागतं.

तुमची ती 'जागा' इथं कशी बदलते बघा. ययातीपुढं आपण कबुलीजबाब ऐकतोय. तो आपल्याकडं काही मागत नाही, त्याचा तोच चाचपडतोय. कर्णापुढं मात्र आपण पंच म्हणून बसलेलो. इतकी वर्षं माझ्याबद्दल सगळे बोलले, आता माझं ऐका, असा त्याचा आवाज. त्यामुळं पुढं कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते, शोण बोलतो, शेवटी कृष्ण बोलतो, तेव्हा एकेक साक्ष झाल्यासारखं वाटतं. पहिल्या पानावर कर्णानं आपल्याला तिथं बसवलं नसतं तर ही रचना नुसती वेगवेगळ्या माणसांची मनोगतं झाली असती.

सावंत आजऱ्याचे, म्हणजे आपल्या हाकेच्या अंतरावरचे. आमच्या घरी मृत्युंजय पोथ्यांच्याच फळीवर असायची.

निपाणी_स्टँड

मला हे काही पटत नाही बघा. तिन्ही उदाहरणांत 'मी' बोलतोय. 'मी' म्हटलं की समोर ऐकणारा आपोआप तयार होतो, त्यात लेखकाचं कसब कुठलं? 'मी' नसलेली आणा की.

टॉलस्टॉयची अॅना कॅरेनिना घ्या. सगळी सुखी कुटुंबं एकसारखी असतात, प्रत्येक दुःखी कुटुंब मात्र आपापल्या परीनं दुःखी असतं. हे कोण बोलतंय? ठाऊक नाही. आपण कुठं उभे? कुठंच नाही. तरी जवळपास दीडशे वर्षं लोक ते वाक्य पाठ म्हणून दाखवतात. मला विचाराल तर पहिल्या वाक्याचं काम एकच, दुसरं वाक्य वाचायला लावणं. बाकी सगळं आपण नंतर चिकटवतो.

वडगावची_वाचक

@निपाणी_स्टँड, मग दुसरं वाक्य वाचूच या. टॉलस्टॉय लगेच ओब्लॉन्स्कींच्या घरात घुसतो. घरात सगळा गोंधळ. पूर्वीच्या फ्रेंच गव्हर्नेसशी नवऱ्याचं सूत होतं हे बायकोला कळलंय. ती खोलीबाहेर येत नाही, पोरं घरभर मोकाट फिरतायत, स्वयंपाकी आदल्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी निघून गेलाय. एवढं मोठं सर्वांना लागू पडणारं विधान आणि लगेच स्वयंपाकी पळालेलं घर! आपण आधी उंचावर उभे होतो, तिथनं टॉलस्टॉयनं आपल्याला थेट त्या घराच्या बोळात आणून सोडलं. पुढं पूर्ण कादंबरीभर तो हेच करतो. म्हणजे जागा ठरली, फक्त दोन वाक्यांत मिळून ठरली. तेवढी दुरुस्ती माझ्या म्हणण्यात करून घेते.

हिंदवाडी_वरचा_मजला

ह्याच मुद्द्यावर मार्केझची शंभर वर्षांच्या एकांताची कादंबरी (१९६७). आठवणीतनं: अनेक वर्षांनी गोळ्या घालणाऱ्या तुकडीसमोर उभा असताना कर्नल ऑरेलियानो बुएंदियाला ती फार मागची दुपार आठवणार होती, बापानं त्याला बर्फ दाखवायला नेलं ती.

एका वाक्यात तीन काळ. सांगणाऱ्याचा आता, कर्नलचा पुढं यायचा प्रसंग आणि बर्फाची मागं पडलेली दुपार. वाचणारा कुठल्याच एका काळात उभा राहू शकत नाही आणि पुस्तक संपेपर्यंत त्याला तसं उभं राहू दिलेलं नाही. मी वडगावच्या ताईंच्या बाजूनं.

घटप्रभा_काठ

नमस्कार. माझं शिक्षण सगळं कन्नड माध्यमात, घरी मराठी. त्यामुळं दोन्हीकडची पुस्तकं वाचतो. 'मी' नसलेलं वाक्य पाहिजे होतं ना? यू. आर. अनंतमूर्ती, संस्कार, १९६५.

सुरुवात अशी की प्राणेशाचार्य आपल्या अंथरुणाला खिळलेल्या बायकोला, भागीरथीला, अंघोळ घालतायत. वाळून गेलेलं तिचं अंग धुऊन ते तिला धुतलेलं लुगडं नेसवतात. मग नेहमीप्रमाणं पूजा, नैवेद्य, देवाचं फूल तिच्या केसात, तीर्थ, आणि वाटीभर गंजी, म्हणजे पेज. कुणाची ओळख करून दिलेली नाही, गावाचं वर्णन नाही. रोजचं काम चाललंय तसं चाललंय. ती म्हणते आधी तुम्ही जेवून घ्या, आणि अजून ते जेवायला बसलेले नाहीत तोच नारणप्पानं घरात ठेवलेली बाई, चंद्री, दारात येते. नारणप्पा गेला.

प्रेत उचलल्याशिवाय अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या त्या वस्तीत, कुणाच्या तोंडात घास जाणार नाही. आणि नारणप्पानं तर सगळा आचारधर्म झुगारलेला, मग त्याचं कार्य करायचं कुणी? पुढची सगळी कादंबरी ह्यावर उभी आहे. आता मागं जाऊन ती अंघोळ परत वाचा. शरीर, स्पर्श, पाणी, शुद्धी, उपाशी पोट. ज्या ज्या गोष्टीवरून पुढं आचार्यांचा पाया हलणार आहे ती प्रत्येक गोष्ट त्या रोजच्या कामात आधीच होती. आपण मात्र ती एक सेवा म्हणून वाचून पुढं गेलो. लेखकानं आपल्याला आचार्यांच्या इतकं जवळ उभं केलं की त्यांना जे दिसत नव्हतं ते आपल्यालाही दिसलं नाही. मला वाटतं ही सगळ्यात अवघड जागा.

आणखी एक, कुवेंपूंची मलेगळल्लि मदुमगळु, १९६७. तिथं कादंबरी सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलंय: 'इल्लि यारू मुख्यरल्ल, यारू अमुख्यरल्ल, यावुदू यःकश्चितवल्ल.' इथं कुणी मुख्य नाही, कुणी बिनमहत्त्वाचं नाही, कुठलीच गोष्ट क्षुल्लक नाही. आणि शब्द पाळलाय. गुत्ती नावाच्या पात्राचा कुत्रा हुलिया, त्यालाही तिथं माणसांइतकीच जागा आहे.

निपाणी_स्टँड

संस्कारचं उदाहरण मान्य. अंघोळ आणि उपास हे मी कधी जोडून बघितलं नव्हतं.

आमच्या गावच्या महादेव मोरे यांचं नाव इथं यायलाच पाहिजे. पिठाची गिरणी चालवत लिहिणारा माणूस. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, देवदासी, निपाणीची सगळी धूळ त्यांच्या लिखाणात आहे. त्यांची पुस्तकं इथं कुणाकडं असतील तर पहिली पानं लिहा. नेमाडे-टॉलस्टॉय कुठंही मिळतात, ह्यांची पुस्तकं दुकानात मागून मिळत नाहीत.

चिकोडीची_सून

@घटप्रभा_काठ, तुमच्यावरून आठवलं. एस. एल. भैरप्पांची पर्व मी उमा कुलकर्णींच्या मराठीतनं वाचली. (उमाताई बेळगावच्या. भैरप्पांच्याच वंशवृक्षच्या अनुवादाला त्यांना १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता.) नंदगडकरांनी मृत्युंजय सांगितली, तीही महाभारतावरच. पण पर्व सुरू होते मद्रदेशात, म्हाताऱ्या शल्यराजाच्या घरी. नात लग्नाची झालीय, तिच्या लग्नाची, कन्याशुल्काची चिंता. युद्धाची कुणकुण लांबून येते.

एवढं मोठं महाभारत आणि दार उघडतंय कुठं, तर बाजूच्या एका राज्यात, लग्नाच्या बोलण्यात. आमच्या सासरी माणसं जमली की कुठल्याही मोठ्या बातमीची चर्चा अशीच चालते, पोरीच्या स्थळावरून सुरू होऊन. मी कर्ण-अर्जुन कधी येतात म्हणून वाचायला बसले होते आणि शल्याच्या घरातच रमले. युद्ध कोणाच्या घरात कसं शिरतं ते मला तिथनं दिसलं.

गणपत_गल्ली_जुना

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. चांगलं चाललंय, पण एका गोष्टीवर अन्याय होतोय. आमच्या पिढीनं वाचलेल्या कितीतरी मराठी कादंबऱ्या सूर्य मावळण्यानं, पावसानं, नदीकाठानं सुरू व्हायच्या. आता त्याला कंटाळवाणं म्हणायची रीत पडलीय. तुम्ही लोक पहिल्या ओळीत काहीतरी घडायलाच पाहिजे म्हणता. वाचायला बसलेल्या माणसाला आपल्या घरातनं उठून पुस्तकात जायला थोडा वेळ लागतो की नाही? तो वेळ ती वर्णनं द्यायची. बाहेर बेळगावचा पाऊस, चार-चार दिवस सूर्य नाही, आणि पुस्तकातलं ऊन पहिल्या पानभर पसरलेलं. आम्हाला ते हवं असायचं.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. इथला वाचक काल-परवाचा नाही. १९४६ साली इथं साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकरही कादंबरीकारच. तेव्हाचा वाचक सावकाशीनं वाचणारा होता आणि लेखकाला त्याची खात्री होती. पहिलं वाक्य गळ टाकल्यासारखं लिहायची त्याला गरजच नव्हती.

वडगावची_वाचक

काका, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. सावकाश नेणं हीसुद्धा एक जागाच. माझी तक्रार फक्त अशा वर्णनाशी आहे जे कुठल्याही पुस्तकाला लावलं तरी चालेल. पाऊस त्या कादंबरीतल्या माणसाच्या अंगावर पडायला पाहिजे.

दीड_पान

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. कारण नंदगडकरांचा प्रतिसाद वाचून मी अक्षरशः उठून बसले.

मी ययाति आमच्या गावातल्या वाचनालयातनं आणून वाचली होती. त्या प्रतीला सुरुवातीची पानंच नव्हती. आपल्याकडं वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची गत तुम्हाला माहीत आहे. हजारदा उघडझाप होऊन पुठ्ठ्याजवळचा शिवणीचा दोरा सैल होतो, पहिला फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, आधी सुटतो, मग कुणीतरी परत बांधून घेतं तोवर वरची दोन-चार पानं गेलेली असतात. बांधणाऱ्यानं कडा कापून, कापडी पाठ लावून पुस्तक घट्ट करून दिलेलं, वर बॉलपेननं लिहिलेलं नाव. बाहेरून नवं कोरं, आत सुरुवातच नाही.

तर मी थेट राजपुत्राच्या लहानपणात पडले. आणि मला ययाति कधीच आवडला नाही. मला वाटायचं हा एवढा ऐश्वर्यात वाढलेला माणूस स्वतःचं कौतुक सांगत बसलाय. आठवणी, वैभव, इच्छा, सगळं सगळं मोठेपणानं सांगितल्यासारखं. देवयानीचा भाग आला तेव्हा मी तिच्या बाजूनं झाले, शर्मिष्ठेचा आला तेव्हा तिच्या. ययातीचं पान आलं की भरभर उलटायची.

आज कळलं की तो पहिल्यापासून सगळं हरून बसलेला माणूस होता, आणि आपण हे का सांगतोय तेही त्याला कळत नव्हतं. मैत्रिणीकडनं पूर्ण प्रत आणली. लहानपणीचे तेच प्रसंग परत वाचले. एक अक्षर बदललेलं नाही आणि सगळं बदललं. जिथं मला बढाई दिसली होती तिथं आता तो स्वतःची चूक कुठं सुरू झाली ते शोधताना दिसतो. एवढी वर्षं मी एका माणसाबद्दल राग धरला होता, तो केवळ चार पानं फाटली होती म्हणून.

वडगावच्या ताई, तुमच्या म्हणण्याला याच्याहून मोठा पुरावा माझ्याकडं तरी नाही.

नंदगडकर

ताई, काय लिहिलंत! मी ते दोन ओळींत उरकलं होतं. आता मीच परत काढून वाचतो.

निपाणी_स्टँड

@दीड_पान, 'बाकी सगळं आपण नंतर चिकटवतो' हे माझं वाक्य मी मागं घेतो. तुम्हाला चिकटवायला काही मिळालंच नव्हतं, आणि माणूसच दुसरा दिसला.

खानापूर_शाळा

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर शिकवते. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला हा खेळ वर्गात घेतला.

व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी (१९५५) निवडली. औंध संस्थानातला कोवळ्या वयाचा मास्तर नेमणुकीच्या गावाला पहाटेच्या अंधारात एकटा चालत निघालाय, एवढी सुरुवात वाचून दाखवली आणि पुस्तक मिटलं. म्हटलं, आता तुम्ही सांगा, हा कोण आणि कुठं चाललाय?

एकजण म्हणाला, 'बाई, त्याची वस्तीची गाडी चुकली असणार.' आमच्याकडं रात्री मुक्कामाला येणारी एसटी सकाळी पहिली निघते, ती चुकली की दुपारपर्यंत दुसरी नाही. ह्या पोरांना पहाटे चालणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एका मुलीनं विचारलं, 'एकटाच कशाला? सोबतीला कुणी कसं नाही?' रानातनं जाताना अस्वल-गव्याच्या भीतीनं आम्ही कुणी एकटं जात नाही, त्यातनं आलेला प्रश्न. मी म्हटलं, हाच प्रश्न मनात ठेवून पुढचं ऐक. बनगरवाडीचा माळ आणि आमचं रान ह्यात काही सारखं नाही, पण पोरं त्या मास्तरच्या मागोमाग निघाली. ताईंचं 'मागोमाग चालणं' मी तिथं डोळ्यांनी बघितलं.

गणपत गल्लीच्या काकांचंही बरोबर आहे. पहिल्या पानावर फक्त चालणंच आहे. पण कुणी चुळबुळ केली नाही.

घटप्रभा_काठ

बाई, फार छान. थंडीत आपल्या भागात गावोगाव साहित्य संमेलनं होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी. ग्रंथदिंडी निघते, भाषणं होतात, कविसंमेलन होतं. कादंबरीच्या वाट्याला तिथं काही येत नाही, कारण ती वाचून दाखवायला लांब पडते. पहिलं पान मात्र वाचून दाखवता येतं. प्रत्येकी एक पान, मोठ्यानं, आणि पुढं काय ते सांगायचं नाही. ज्याला पाहिजे त्यानं पुस्तक शोधून वाचावं. ह्या भागातल्या एखाद्या संयोजकाशी कुणाची ओळख असेल तर विचारून बघा. संस्कारचं पहिलं पान मी कन्नडमध्ये वाचतो, लगोलग मराठीत कुणीतरी सांगा.

चिकोडीची_सून

मराठीत मी सांगते. आणि पर्वचं पान मी वाचेन.

गणपत_गल्ली_जुना

आमच्या नात्यातले एकजण एका गावच्या संमेलनाच्या कामात असतात. त्यांच्या कानावर घालतो. अर्धा तास मागतो, त्यात आठ-दहा पानं सहज होतील. रणजित देसाईंची स्वामी (१९६२) ठेवायचीच. देसाईंचं कोवाड इथनं काय लांब आहे, तिकडच्या कुणाला तरी वाचायला बोलवू.

निपाणी_स्टँड

मोरे यांचं एक पुस्तक एका मित्राच्या माळ्यावर आहे असं कळलंय. रविवारी जाऊन काढतो. ते पान माझ्याकडं.

खानापूर_शाळा

शनिवारचं एक सांगायचं राहिलं. खेळ झाल्यावर पोरांना म्हटलं, आता तुम्ही आपापल्या कादंबरीचं पहिलं वाक्य लिहा, एकच. बऱ्याच जणांनी 'एक गाव होतं' लिहिलं. सातवीतल्या एकानं लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

'आमची म्हैस काल घरी आली नाही आणि आई कुणाशीच बोलेना.'

वडगावची_वाचक

बाई!! पुढं?

दीड_पान

पुढं काय झालं? म्हैस सापडली का?

खानापूर_शाळा

मलाही माहीत नाही. त्याला म्हटलंय पुढचं पान लिहून आण. सोमवारी शाळा भरली की इथं टाकते.